नैरोबी, साडेतीन तास

निरवांगीच्या ठमाबाईला कुणी विचारावं, "काकी, अमकं गाव किती लांब?" तर ती कधी मैलात सांगायची नाही, आणि किलोमीटरात तर नाहीच नाही. डोळे बारीक करायची, वाट आठवल्यासारखं करायची आणि म्हणायची, "दोन मुक्काम. उन्हाळा असंल तर अडीच." नवऱ्यानं, म्हणजे गेणबानं, मेंढरं विकून ऊस लावला त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. घराचा पत्रा जाऊन स्लॅब आला, गेणबा कारखान्याचा सभासद झाला, सभेला इस्त्रीचा सदरा घालून जायला लागला, पण ठमाबाईचं मोजमाप काही बदललं नाही. बारामतीला बाजार करून एसटीनं संध्याकाळी परत आली, की पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणायची, "सबंध मुक्कामाची वाट खाऊन टाकली बघा यष्टीनं. चवबी न्हाय लागली."

बाई उंच, काटक, आणि चालायला लागली की बरोबरच्या बायकांची पळापळ. आळीतल्या बायका तिच्यासोबत रानात जायचं टाळत. कुणी म्हणे गुडघा दुखतोय, कुणी म्हणे धुणं राहिलंय. खरी गोष्ट अशी, की ठमाबाई गप्पा मारत मारत पुढं जायची आणि मागच्या बाईला नुसती "व्हय, व्हय" म्हणायलाही दम उरायचा नाही.

हे चालणं तिला लग्नातच मिळालं होतं. दिवाळी झाली, की सासरचा सगळा गोतावळा मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचा. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्यांचा झाप, नुकती व्यालेली कोकरं, आणि ज्यांना पाय असून चालता येत नाही अशी लहान पोरं. ठमाबाई घोड्याच्या पुढं. कोकणातल्या खाचरांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात भात घ्यायचा, आणि एक दिवस समुद्र दिसला की वळायचं. तिच्या एकुलत्या एक लेकीचा जन्म असाच एका फणसाखाली झाला. ज्यांच्या खाचरात तळ होता त्या घरची मालकीण बाळंतिणीला पेज घेऊन आली आणि पोरीकडं बघून म्हणाली, "राजलक्ष्मी ठेवा हो नाव." गोतावळ्यात सगळ्या चिंगी, ठकी, नकोशी, त्यात ही एक राजलक्ष्मी. तिसऱ्या दिवशी तळ हलला, तेव्हा राजलक्ष्मी कोकरांच्या शेजारी घोड्यावर आणि तिची आई नेहमीसारखी घोड्याच्या पुढं. हे ठमाबाई कधी फुशारकीनं सांगायची नाही. तिला वाटायचं, सगळ्याच बायका असंच करत असतील.

राजलक्ष्मी बारामतीला कॉलेजात शिकली, आणि तिला स्थळ आलं ते ऋषिराज नावाच्या मुलाचं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घरचा चांगला, बोलायला गोड. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्याला आफ्रिकेत नोकरी लागली. केनिया देश, किसुमू गाव, तिथंही साखर कारखाना. गेणबाला त्यातलं साखर कारखाना एवढंच कळलं आणि तो निर्धास्त झाला. ऊस आहे म्हणजे माणसं आपल्यासारखीच असणार, असा त्याचा हिशेब.

निर्धास्त झाली नाही ती गोजरबाई.

गोजरबाई म्हणजे गेणबाची आई, ठमाबाईची सासू. वय विचारलं की म्हणायची, "मोठ्या दुष्काळात मी लुगडं नेसत व्हते." कुठला दुष्काळ हे विचारायची कुणाची टाप नव्हती. पाय सुजलेले, बाज सोडवत नव्हती, पण जीभ टुणटुणीत. ह्या गोजरबाईनं घरात एक कायदा लावून दिला होता. तिची स्वतःची आई वारली तेव्हा गोजरबाई कोकणात मेंढरांमागं होती. निरोप पोचायला दोन आठवडे लागले. ती आली तेव्हा राखसुद्धा नव्हती. तेव्हापासून तिचा दंडक: मेलेल्याचं तोंड बघायला पोचता येईल एवढ्याच लांब घरच्या माणसानं जायचं. लेकी द्यायच्या त्या त्याच टप्प्यात, सुना आणायच्या त्याही त्याच टप्प्यातून. सोयरीक आली, की मुलाचं शिक्षण-बिक्षण नंतर, आधी म्हातारी विचारायची, "वाट केवढी?" राजलक्ष्मी गेली ती नवऱ्यामागं गेली, त्याला इलाज नव्हता, पण तिच्या नावानं गोजरबाईनं महिनाभर भाकरी मोजकी खाल्ली.

त्यात म्हातारीचं आणखी एक होतं. शेवटचं पाणी ठमाबाईच्याच हातचं पाहिजे. लेकाच्या नाही. "गेण्याचा हात थरथरतोय," ती आल्यागेल्याला सांगायची. "नाकात घालंल. मराण बाजूला ऱ्हाईल, आन् ठसका लागून जीव जाईल माझा." गेणबा समोर बसून हे ऐकायचा आणि विडी पेटवायचा. काडी खरंच हलायची.

राजलक्ष्मीला दिवस गेल्याचं कळलं ते शहाण्णवच्या पावसाळ्यात, झुंबरच्या एसटीडी बूथवर. दर रविवारी सकाळी तिथं किसुमूचा फोन यायचा. झुंबर हा पोरगेला माणूस, बूथ बापानं काढून दिलेला. बूथला काचेचं दार होतं, पण ते झुंबरनं कधी नीट लागू दिलं नाही. त्यामुळं निरवांगीत बातमी फुटते कशी, हे कुणाला शोधावं लागायचं नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे काय नव्यानं सांगायला पाहिजे? ठमाबाईनं खोली सारवली, बाज आवळली, डिंक आणून ठेवला. आणि सातव्या महिन्यात फोन आला, की राजलक्ष्मीचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केलीय, नुसतं पडून राहायला सांगितलंय.

"मामी, तुम्हीच या," ऋषिराज म्हणाला. "पासपोर्ट आहेच काढलेला. तिकीट मी पाठवतो."

ठमाबाईच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो घरचाच. "वाट केवढी?"

"काही लांब नाही, मामी. सकाळी सहाला मुंबईतनं विमान सुटतं, साडेनऊला नैरोबीत उतरतं."

दाराच्या फटीतनं झुंबरनं हे ऐकलं, आणि ठमाबाई घरी पोचायच्या आत देवळासमोरच्या पारावर साडेतीन तास पोचले होते.

पारावर दादासाहेब बसलेला. हा गेणबाचा चुलत भाऊ; कारखान्याच्या निवडणुकीत एकदा पडलेला, तेव्हापासून त्याला सगळंच कळायचं. "आरं, हितनं पुण्याला जायला यष्टी पाच तास घेती," तो म्हणाला, "त्यात पाटसला च्या. म्हंजे नैरोबी पुण्याच्या अलीकडं आली."

"पर नकाशात तर समुद्राच्या पलीकडं हाय," झुंबर म्हणाला.

"नकाशा काय चाटायचाय? टायम बघ, टायम. आता जग टायमावर चालतंय."

हे सगळ्यांना पटलं. चार दिवसांत निरवांगीत असं झालं, की ज्याला त्याला नैरोबी पाठ. कुणी म्हणे, राजीला सांगा, सणाला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला येत जा. कुणी म्हणे, गेणबा, तू सासरवाडीला जातोस तेवढ्यात वैनी आफ्रिकेला जाऊन यायच्या. आळीतली मुक्ताबाई, जी गावातल्या प्रत्येक मयताला सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच सुरात रडायची, तिनं तर ठमाबाईजवळ लेकीसाठी ताजी मेथी द्यायची तयारी दाखवली. "साडेतीन तासांत काय कोमेजतीय?"

राहिली होती गोजरबाई. ठमाबाई तिच्या पायाला तेल लावत बसली आणि हळूच विषय काढला.

"किती लांब म्हनलीस?"

"साडेतीन तास, आत्याबाई. इमानात."

म्हातारीनं आढ्याकडं बघत हिशेब केला. मग म्हणाली, "नरड्यात घरघर लागली तर साडेतीन तास मी धरीन दम. वर थोडा. पर त्याच्या पुढं धरायची न्हाय, सांगून ठेवते."

"नका धरू," ठमाबाई म्हणाली. तिच्या हातातल्या वाटीतलं तेल सांडलं, ते तिनं पदरानं पुसलं. लेकीजवळ जायला मिळणार होतं.

तयारी सुरू झाली. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची सुई टोचून झाली. त्यासाठी गेलेला अख्खा दिवस ठमाबाईनं "वाटंतला मुक्काम" म्हणून सोडून दिला. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खारीक, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, असं गाठोडं वाढत गेलं. तिकीट आलं. दादासाहेबानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि "बरोबर हाय" असा निकाल दिला.

जायला आठवडा राहिला असताना रविवारचा फोन आला. ह्या वेळी राजलक्ष्मीच बोलली. आवाज खोल गेलेला.

"न्याहारी केलीस का गं?" ठमाबाईनं विचारलं. हिची स्वतःची धार काढून, वैरण घालून, भाकरी थापून झालेल्या.

"न्याहारी कुठली, आई. अजून चहापण नाही झाला. आत्ता कुठं उजाडतंय."

"आत्ता?"

"मग? आमचं घड्याळ तुमच्या अडीच तास मागं असतं ना. सूर्य आधी तुमच्याकडं येतो, मग आमच्याकडं."

उन्हाकडं बघत ठमाबाईचा जन्म गेला होता. तिला ह्यात समजायला अवघड काहीच नव्हतं. तिनं बोटांवर तास मोजले.

"म्हंजे जावईबापू साडेतीन म्हनले, ते..."

"ते घड्याळाचं गं. विमानात सहा तास बसायचं. आणि नैरोबीतनं इथं किसुमूला गाडीनं आणखी दिवस जातो. का गं?"

"आन् मागारी यायचं झालं, तर? त्याच दिवशी?"

"विमान रोज नसतं, आई. आठवड्यातनं दोनदा असतं. बाजारासारखं." मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "तू येतीयस ना? मला हितं लई भ्या वाटतंय गं." कॉलेजात गेल्यापासून सोडून दिलेली घरची बोली तिच्या तोंडातनं आली, तेव्हा ठमाबाईनं फोनची दोरी बोटाला गच्च गुंडाळली.

"यीन की," ती म्हणाली.

बाहेर झुंबर उभाच होता. "काय म्हणत्यात पाव्हणे, काकी?"

"बरं हाय म्हनत्यात," ठमाबाई म्हणाली आणि निघाली. त्या दिवशी ती इतकी सावकाश चालली, की मुक्ताबाईनं तिला मागनं येऊन गाठलं. गावात हे पहिल्यांदाच घडलं.

गेणबाला तिनं गोठ्यात नेऊन सांगितलं. गेणबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? आयेला कोन सांगतंय? मी न्हाय सांगत, तू न्हाय सांगत. बैलं तर बोलत न्हाईत."

"अवो, पर..."

"पर काय? म्हातारी आजच चाललीय व्हय? धा वर्सं झाली तिला मरायला टेकून. लेक तिकडं एकली पडलीय. तू गप जा."

माणूस चूक बोलत नव्हता. घरोघरी म्हाताऱ्यांना असंच फसवतात, गोड बोलून फसवतात, आणि त्यात कुणाचं वाईट होत नाही. पण ठमाबाईचा तिढा वेगळा होता. मेंढरांच्या वाटेवर एक माणूस नेहमी पुढं जायचा, पुढचं पाणी आणि पुढचा तळ बघून यायला. तो सगळं खोटं बोलू शकायचा. दारू प्यालेली लपवायचा, कुणाच्या शेतातली शेंग चोरलेली लपवायचा, त्याचं कुणी मनावर घ्यायचं नाही. पण वाट कमी सांगायची नाही. पाणी जवळ आहे म्हणून सांगितलं आणि ते लांब निघालं, तर आधी कोकरं खाली बसतात, मग व्यालेल्या मेंढ्या. एकदा गेणबाच्या भावकीतल्या एकानं, बायकापोरांना धीर यावा म्हणून, चांगल्या मनानं वाट कमी सांगितली होती. त्यानंतर त्याला कुणी कधी पुढं पाठवलं नाही. साधा माणूस होता, मरेपर्यंत तो कळपाच्या मागनं चालला.

दोन रात्री ठमाबाईनं लेकीचा आवाज कानातनं काढायचा प्रयत्न केला. तो निघेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तेलाची वाटी घेऊन बाजेपाशी बसली.

"आत्याबाई, वाट खोटी सांगितली म्या. मला ठावं नव्हतं. आता कळलं."

"केवढी हाय?"

"दोन मुक्काम. इमानाचा वार हुकला तर चार, पाचबी."

गोजरबाईनं पाय आखडून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवशी तिनं सुनेच्या हातचं काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुक्ताबाईकडनं भाकरी मागवली, आणि मुक्ताबाई ती ताटावर दुसरं ताट झाकून, सगळ्या आळीला दिसेल अशी मिरवत घेऊन आली. ठमाबाई गेणबाला म्हणाली, "जावईबापूंना फोन करा. तिकीट मागारी द्या म्हनावं." गेणबा आईवर ओरडला, बायकोवर ओरडला, शेवटी बैलांवर ओरडला आणि फोन करायला काही गेला नाही. दाराशी गाठोडं तसंच पडून होतं, आणि येता-जाता ठमाबाई त्याला वळसा घालून जात होती.

मग एका सकाळी, गावाची पाणी भरायची वेळ, तेव्हा गोजरबाईनं मोठ्यांदा हाक मारली. "गेण्या, भावकीला बोलाव. आळीलाबी बोलाव."

गेणबा अनवाणी पळाला. दादासाहेब तोंडातला दातवणाचा फेस न पुसता आला. झुंबर आला तो बूथमध्ये बोलणाऱ्या माणसाला तसाच बोलत ठेवून. उंबऱ्याशी पोचताच मुक्ताबाईनं पदर डोळ्याला लावला आणि पहिला सूर धरला.

"मुक्ते," आतनं गोजरबाई म्हणाली, "गळा राखून ठेव. लागंल पुढं."

मुक्ताबाईचा सूर अर्ध्यातच राहिला. घर माणसांनी भरलं. म्हातारी भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती, डोईवर पदर नीट घेतलेला, कपाळाला अंगारा. मरणाऱ्या माणसापेक्षा ती पंचायतीच्या बैठकीला आलेली दिसत होती.

"ठमे, तांब्या आन. तुळशीचं पान टाक त्यात."

ठमाबाईनं आणला.

"हितं बस, म्होरं. बघ तोंड."

ठमाबाईनं मान खाली घातली.

"खाली काय बघतीस? तोंड वर हाय माझं. बघ म्हनते ना. मनभर बघ."

ठमाबाईनं बघितलं. इतक्या वर्षांत सासूच्या तोंडाकडं असं सरळ बघायची वेळ आली नव्हती. तेल लावताना पाय दिसायचे, वाढताना हात. हनुवटीवरचं गोंदण सुरकुतीत अर्धं बुडालं होतं. डोळे मात्र कुणाची तरी फजिती करून बसल्यासारखे.

"आता पाज पाणी."

ठमाबाईनं पळीनं पाणी तोंडात घातलं. म्हातारीनं ते गिळलं, तुळशीचं पान जिभेनं बाजूला करून दाढेखाली धरलं आणि सगळ्यांकडं नजर फिरवली.

"हिनं तोंड बघितलं माझं. पाणी पाजलं. तुमी समद्यांनी बघितलं का न्हाय? दादासाहेबा, तू बोल. तुझा आवाज मोठा हाय."

"बघितलं, काकी," दादासाहेब म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पुढं काही जोडावंसं वाटलं नाही.

"मुक्ते?"

"बघितलं."

"मग माझं जे व्हायचं ते हिच्याकडनं झालं. आता ही दोन मुक्काम जाऊं दे, न्हायतर धा. लेकरू अडलंय तिकडं." मग बाजेवर परत आडवी होत म्हणाली, "आन् गेण्या, ह्या समद्यांस्नी च्या टाकायला सांग. मलाबी. निस्त्या पाण्यानं काय व्हतंय."

माणसं चहा पिऊन गेली. जाताना कुणी मोठ्यांदा हसलं नाही. ठमाबाई तांब्या हातात धरून तिथंच बसली होती. मुक्ताबाईनं काखेत हात घालून तिला उभी केली.

बारामतीच्या स्टँडवर गेणबा तिला सोडायला आला. पुढं मुंबईपर्यंत दादासाहेब बरोबर गेला आणि विमानतळाच्या काचेपाशी पोलिसानं अडवेपर्यंत सूचना देत राहिला. विमानात ठमाबाईला भीती वाटली का, हे नंतर सगळ्यांनी विचारलं. ती म्हणायची, "भ्या कशाचं? माझ्याच्यानं थोडंच चालवायचं व्हतं?" पण एक गोष्ट तिनं फक्त राजलक्ष्मीला सांगितली. विमान वर गेलं, उजाडलं आणि खाली समुद्र दिसला. तिला सवयीनं वाटलं, आता वळायचं. समुद्र आला की मेंढरं वळवायची, हे इतकी वर्षं पायांत बसलेलं. तिनं खुर्चीत पाय आवरूनही घेतले. आणि विमान वळलंच नाही. सरळ जात राहिलं, खाली पाणी, पुढं पाणी, आणि मागनं सूर्य हळूहळू येत होता.

नैरोबीहून किसुमूच्या रस्त्यावर तिनं जावयाला गाडी थांबवायला लावली, कारण डोंगराच्या कडेला मेंढरं चरत होती. राखणारा उंच माणूस, अंगावर तांबडं कापड, हातात काठी. ठमाबाई खाली उतरली, एक मेंढी धरून तिच्या शेपटीवरची चरबी चाचपली आणि त्या माणसाला मराठीत म्हणाली, "चांगली राखलीस रं." तो हसला आणि त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. ऋषिराजनं विचारलं, काय म्हणाला? "पाणी लांब हाय म्हनला," ठमाबाईनं सांगितलं. खरं-खोटं त्या दोघांना माहीत.

ती पोचल्यावर राजलक्ष्मीचं ब्लडप्रेशर उतरलं, निदान डॉक्टरीणबाई तसं म्हणाली. मुलगी झाली. ठमाबाईनं तिला छकुली म्हणायला सुरुवात केली आणि कागदावरचं नाव ठरेपर्यंत सगळा कारखाना तिला छकुलीच म्हणायला लागला.

छकुली महिन्याची झाली त्या सुमाराला, दुपारी जेवून झोपलेली गोजरबाई उठली नाही. घरघर नाही, काही नाही. निरवांगीत सगळी गोळा झाली. मुक्ताबाईनं राखून ठेवलेला गळा पुरता मोकळा सोडला. तसं रडणं तिनं त्याआधी आणि नंतर कुणासाठी केलं नाही. मयताला पळसदेवची एक लांबची पाव्हणी आली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि शेजारणीला विचारलं, पण असं, की गेणबाला ऐकू जावं, "सून दिसंना ती? सासूचं तोंड बघायलाबी मिळंना व्हय तिला?"

मुक्ताबाई सूर मधेच तोडून म्हणाली, "बघून गेलीय. आमच्या समद्यांच्या म्होरं. पाणी पाजून गेलीय." आणि पुन्हा होता तिथनं सूर उचलला.

दादासाहेबानं मान हलवली, झुंबरनं हलवली, अख्ख्या आळीनं हलवली. पाव्हणीनंही पदर डोळ्याला लावला. तेव्हा कुठं गेणबाच्या डोक्यात उजेड पडला, की आईनं त्या सकाळी भावकी का बोलावली होती. पाणी प्यायला तांब्या पुरे होता. गाव बोलावलं होतं ते सुनेच्या मागं कुणाचं तोंड सुटू नये म्हणून.

संध्याकाळी त्यानं किसुमूला फोन लावला. त्या दिवशी झुंबर आपणहून बूथच्या बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. गेणबा म्हणाला, "गेली." मग कसं गेली ते सांगितलं.

तिकडं किसुमूत फोन ठेवून ठमाबाई आत आली. ऋषिराज विमानाच्या ऑफिसचा नंबर शोधायला लागला होता. "मामी, गुरुवारी विमान आहे. दिवसांना तरी पोचाल. जायचं का?"

ठमाबाई दारात उभी होती. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. "दिवसांना तिकडं भावकी हाय. माझं बघून झालंय, जावईबापू. त्यांनीच उरकून घेतलं."

मग तिनं मोरीत जाऊन डोक्यावरनं अंघोळ केली, ओले केस तसेच बांधले आणि पाटावर पाय लांब करून बसली.

"राजे, पाणी कोमट झालं का बघ," ती म्हणाली. "आन् पोरीला आन हिकडं. आज तिचं न्हाणं ऱ्हाऊन गेलंय."